मुसलमान मित्राशी येशूबद्दल बोलायचं तर

१० आणि ११ एप्रिल १८५४. आग्र्यातल्या मिशनच्या शाळेत दोन दिवस जाहीर वाद झाला. एका बाजूला कार्ल फांडर हा जर्मन मिशनरी. फारसी-उर्दूत मुरलेला, 'मीजान-उल-हक' या ग्रंथामुळे उत्तर हिंदुस्थानात गाजलेला. समोर कैराना गावचे मौलाना रहमतुल्लाह आणि त्यांच्या मदतीला डॉक्टर वजीर खान. विषय पाच ठरले होते. त्यात त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) होतं, महंमद पैगंबरांचं पैगंबरपणही होतं. पण गाडी 'बायबल बदललं का' या मुद्द्यावरच अडली. युरोपातल्या ख्रिस्ती पंडितांनीच बायबलच्या जुन्या हस्तलिखितांमधल्या पाठभेदांवर लिहिलेली पुस्तकं वजीर खानांनी मिळवली होती. त्या बाजूने फांडरची तयारी नव्हती. काही ठिकाणी पाठभेद आहेत, नकलाकारांच्या चुका आहेत, हे त्याला भर सभेत कबूल करावं लागलं. मुख्य शिकवणीला त्यानं धक्का लागत नाही, असं तो सांगत राहिला. पण ऐकणाऱ्यांच्या लेखी निकाल लागला होता. तिसरा दिवस उजाडलाच नाही.

माझ्या मते फांडरचं कबूल करणं चुकलं नव्हतं. चुकलं ते इतकंच की आपल्या घरातली गोष्ट लोकांना समोरच्याच्या तोंडून आधी ऐकावी लागली. आज आपल्या मंडळीतली (चर्चमधली) तरुण मुलं मोबाईलवरचे वादविवाद पाहून कॉलेजातल्या मुसलमान मित्राशी बोलायला जातात, तेव्हा नेमकं हेच होतं. दुसऱ्याच्या धर्मातल्या उणिवा पाठ असतात, स्वतःच्या पुस्तकाचा इतिहास माहीत नसतो. म्हणून तयारीची सुरुवात घरातून करू.

बोलण्याआधी

मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं एक चरित्र, एका बैठकीत वाचा. दीड-दोन तासांत होतं. वाचताना वहीत फक्त एक गोष्ट टिपा: येशू असं काय करतो किंवा म्हणतो, की जे संदेष्ट्यानं म्हटलं तर भोवतालचे दचकतील? दुसऱ्या अध्यायात तो पक्षाघाती माणसाला 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे' असं सांगतो आणि शास्त्री मनात म्हणतात, देवावाचून पापांची क्षमा कोण करणार? ही टिपणं पुढे लागतील. रविवारी ऐकलेली निवडक वचनं तिथे पुरत नाहीत.

मग कुराण वाचा. मराठी अनुवाद मिळतात. सगळं जमलं नाही तर निदान आले इम्रान (३), निसा (४), माइदा (५) आणि मरियम (१९) हे सूरे वाचाच. मरियमेच्या नावाचा अख्खा सूरा कुराणात आहे, ईसा कुमारिकेच्या पोटी जन्मला असं तिथे आहे, त्याला मसीह म्हटलं आहे, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. ज्याच्याशी बोलायचं तो येशूवर आधीपासून प्रेम करतो. 'मी तुला येशूची ओळख करून देतो' असा आव आणून गेलात तर त्याला हसू येईल, आणि ते रास्तच असेल.

कसं बसायचं, कसं बोलायचं

चारचौघांत नको. आग्र्याच्या सभेचा मुख्य दोष तोच होता: गर्दीसमोर माणूस विचार करत नाही, बाजू राखतो. दोघंच बसा. पुरुषानं पुरुषाशी, बाईनं बाईशी बोलावं. याची भीड तुम्हाला वाटत नसली तरी त्याच्या घरच्यांना वाटते. रमजानात दुपारी चहाला बोलावू नका, नमाजाच्या वेळेला मुद्दा ताणू नका.

बायबल जमिनीवर, पायांशी, चपलांच्या पिशवीत ठेवू नका. मुसलमान घरात कुराण कपड्यात गुंडाळून उंचावर ठेवतात. आपण आपलं पुस्तक खुर्चीवर टाकून त्यावर चष्मा ठेवला, तर तोंडानं काहीही सांगितलं तरी त्यानं जे पाहिलं तेच खरं. नाव घेताना 'हजरत ईसा' म्हणायला हरकत नाही. महंमद पैगंबरांचा उल्लेख एकेरीत कधीही नको. श्रद्धा नसली तरी शिष्टाचार असतोच.

कुराणच (२९:४६) सांगतं की किताबवाल्यांशी (यहूदी-ख्रिस्ती लोकांशी) वाद घालायचा तर उत्तम रीतीनेच घाला. पेत्राच्या पहिल्या पत्रातही (३:१५) आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेनं आणि आदरानं, असं आहे. दोघांच्या ग्रंथांची एवढी तरी सहमती आहे, तिच्यावर बसायला जागा होते.

आणखी एक गोष्ट आजच्या दिवसांत बोलायलाच हवी. संविधानाचं २५ वं कलम श्रद्धा मानण्याचा, आचरण्याचा आणि तिचा प्रसार करण्याचा हक्क देतं. भारतीय न्याय संहितेचं २९९ वं कलम धर्मभावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं दुखावण्याला शिक्षा देतं. श्रद्धेच्या गप्पांत पैसा, नोकरी, शाळेतला प्रवेश किंवा लग्न यातलं काहीही आणू नका. कायद्याच्या भीतीनं नव्हे. तसं केलं तर जे उरतं ते साक्ष नसते, सौदा असतो.

तो काय जपतो आहे ते आधी ओळखा

मुसलमान माणूस त्रैक्यावर प्रश्न विचारतो तेव्हा त्याला गणिताची अडचण नसते. 'एक अधिक एक अधिक एक तीन, मग एक कसा?' हे वरवरचं. आत आहे तौहीद, म्हणजे अल्लाहचं एकपण, आणि शिर्कची भीती, म्हणजे त्याच्या जोडीला दुसरं कुणी बसवण्याची. त्याच्या लेखी यापेक्षा मोठं पाप नाही. तेव्हा त्याचा प्रश्न असा असतो: तुम्ही देवाचा अपमान करता आहात का?

याला उत्तर उदाहरणानं देऊ नका. पाणी, बर्फ, वाफ हे उदाहरण रविवारच्या शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. पण तेच पाणी एका वेळी एकच रूप घेतं. बाप्तिस्म्याच्या वेळी येशू नदीत उभा, आत्मा उतरतो आहे आणि पित्याची वाणी ऐकू येते आहे, हे त्यात बसत नाही. प्राचीन मंडळीनं हा विचार चूक ठरवून कधीच बाजूला ठेवला. महाराष्ट्रात याहून मोठा खड्डा म्हणजे दत्तात्रेय. 'तीन तोंडं, एक देव' किंवा 'ब्रह्मा-विष्णू-महेशासारखं' असं एखाद्या उत्साही भावानं म्हटलं की संवाद संपला. मित्राला जी भीती होती ती तुम्हीच खरी करून दाखवलीत, आणि हिंदू शेजाऱ्याच्या श्रद्धेचाही विपर्यास केलात.

त्याऐवजी पहिलं वाक्य हे म्हणा: 'देव एकच आहे. येशूला सर्वात मोठी आज्ञा कोणती असं विचारलं तेव्हा त्यानं हेच सांगितलं.' मार्क १२:२९ उघडून दाखवा. कुराणात (४:१७१) 'तीन म्हणू नका' असं आहे, आणि दुसरीकडे (५:११६) अल्लाह ईसाला विचारतो की मला आणि माझ्या आईला देव माना असं तू लोकांना सांगितलंस का. इथे शांतपणे सांगा की देव, मरियम आणि त्यांचा मुलगा असं त्रिकूट आम्हीही मानत नाही. त्याचा निषेध तुमच्याइतकाच आमचा आहे.

मग शब्दाकडे या. याच ४:१७१ मध्ये ईसाला अल्लाहचा 'कलिमा', शब्द, असं म्हटलं आहे. योहानाचं शुभवर्तमान 'प्रारंभी शब्द होता' असंच उघडतं. आठव्या शतकात दमास्कसचा योहान हा ख्रिस्ती विद्वान हाच धागा धरून विचारत होता: देव कधी आपल्या शब्दावाचून होता का? हा प्रश्न इस्लामला परका नाही. नवव्या शतकात बगदादेत कुराण निर्मित की अनादि यावरून मोठा संघर्ष झाला. खलिफा मामूननं ८३३ साली विद्वानांची चौकशी सुरू केली. कुराण निर्मित आहे असं म्हणायला नकार देणाऱ्या अहमद इब्न हंबल यांनी पुढे फटके खाल्ले. शेवटी सुन्नी परंपरेत मत रुजलं ते हे की अल्लाहचं वचन अनादि आहे. म्हणजे देव एक असूनही त्याचं अनादि वचन त्याच्यापाशी आहे, असं मानणं तौहीदच्या विरुद्ध जात नाही.

पण इथे थांबायला शिका. यातून त्रैक्य सिद्ध झालं असं मानू नका. तो म्हणेल, वचन हा अल्लाहचा गुण आहे, व्यक्ती नव्हे; आणि ईसाला कलिमा म्हटलं ते 'हो' या आज्ञेनं तो निर्माण झाला म्हणून, आदमसारखा (३:५९). हे त्याचं म्हणणं त्याच्या ग्रंथाच्या चौकटीत सरळ आहे. तुमचं काम एवढंच की दार पूर्णपणे बंद नाही हे दाखवायचं आणि मग मार्काची वही उघडायची: 'या माणसानं जे केलं, ते पाहून त्याच्या यहूदी शिष्यांना, एकच देव मानणाऱ्यांना, असं म्हणावं लागलं. का लागलं ते वाचूया का?' त्रैक्याकडे चर्चचे पूर्वज याच वाटेनं गेले. तुम्हीही जा.

'हे सगळं ३२५ साली निकियाच्या परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाईननं ठरवलं' असं तो म्हणाला, तर फार वेळ घालवू नका. ११२ सालच्या सुमारास प्लिनी या रोमन अधिकाऱ्यानं सम्राट ट्राजनला लिहिलं होतं की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. निकियाच्या दोनशे वर्षं आधीची, आणि विरोधकाची साक्ष आहे ही.

'पुत्र' या शब्दाचं काय करायचं

'लम यलिद व लम यूलद', त्यानं कुणाला जन्म दिला नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही. सूरे इखलासची ही ओळ लहान मुलाच्याही तोंडी असते. त्यामुळे 'देवाचा पुत्र' ऐकताच त्याच्या मनात नवरा-बायको-मूल असं चित्र येतं आणि अंगावर काटा येतो.

मराठीत आपल्याला एक सोय आहे. 'भूमिपुत्र' म्हणताना जमिनीला बाळंतपण आलं असं कुणी समजत नाही. अरबीतही वाटसरूला 'इब्न-उस्-सबील', वाटेचा पुत्र, म्हणतात. कुराणात (२:१७७) तोच शब्द आहे. पुत्र म्हणजे शरीरानं झालेलं मूल असंच नाही, हे दोन्ही भाषांना कळतं. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या मुसलमान घरांत भूमिपुत्राचा दाखला चटकन पोचतो. मात्र तिथेच सोडलं तर अर्धसत्य होईल. आपण येशूला नुसत्या अलंकारानं पुत्र म्हणत नाही. त्याचं पित्याशी नातं जगाच्या आधीपासूनचं आहे असं मानतो. गैरसमज दूर करताना खरा मतभेद झाकू नका. झाकलेलं नंतर उघडं पडतं आणि मग आधीच्या सगळ्या बोलण्यावर पाणी फिरतं.

'तुमचं पुस्तक बदललेलं आहे'

इथे फांडर आठवा आणि स्वतः आधी सांगा. मार्क १६:९-२०, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग (योहान ७:५३ ते ८:११) हे भाग सर्वात जुन्या हस्तलिखितांत नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्रातलं (५:७) 'स्वर्गात साक्ष देणारे तिघे' हे वाक्य मागाहून शिरलं. म्हणून अनेक नव्या आवृत्त्यांत कंस किंवा तळटीप दिसते. हे तुम्हीच दाखवलंत की दोन गोष्टी होतात: तुम्ही काही लपवत नाही हे कळतं, आणि 'बदल कुठे झाला ते कळतं कसं?' हा प्रश्न आपोआप येतो. कळतं ते हस्तलिखितं भरपूर आणि दूरदूर विखुरलेली असल्यामुळेच. चौथ्या शतकातलं सिनाई हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. योहानाच्या अठराव्या अध्यायाचा तळहाताएवढा तुकडा मँचेस्टरला आहे. तो सहसा दुसऱ्या शतकातला मानला जातो. दोन्ही महंमद पैगंबरांच्या आधीचे, आणि सिनाई प्रतीत येशूचं वधस्तंभावरचं मरण आहेच.

मग त्याला विचारा, तहरीफ म्हणजे नेमकं काय? इस्लामी विद्वानांत दोन मतं आहेत: तहरीफ-ए-मानवी, म्हणजे शब्द तेच पण अर्थ फिरवला, आणि तहरीफ-ए-लफ्जी, म्हणजे शब्दच बदलले. अकराव्या शतकात स्पेनमधल्या इब्न हज्मनं दुसरं मत जोरात मांडलं. कुराणात मात्र (५:४७) इंजीलवाल्यांनी (इंजील म्हणजे येशूला मिळालेलं शुभवर्तमान) त्यात अल्लाहनं उतरवलेल्याप्रमाणे निवाडा करावा असं आहे. 'पैगंबरांच्या काळी ख्रिस्ती लोकांच्या हाती जी इंजील होती, तीच माझ्या हातात आहे. मग ती कधी बदलली?' हा प्रश्न विचारावा, पण खोचकपणे नव्हे. अनेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो, आणि विचार करायला माणसाला घरी जावं लागतं.

बायबलमध्ये नसलेलं बर्णबाचं शुभवर्तमान कुणी काढलंच तर दोन वाक्यं पुरेत. त्याची इटालियन प्रत सोळाव्या शतकाच्या आसपासची, व्हिएन्नातली. त्यात येशू गलिलाच्या समुद्रातून होडीनं नासरेथला पोचतो, आणि नासरेथ डोंगरातलं गाव आहे. शिवाय त्यात येशू 'मी मसीहा नाही' म्हणतो, जे कुराणालाही मान्य नाही.

वधस्तंभ

सगळ्यात नाजूक जागा ही. 'त्यांनी त्याला मारलं नाही, क्रुसावर दिलं नाही, तर त्यांना तसं भासवलं गेलं' (४:१५७). आपण लगेच टॅसिटस या रोमन इतिहासकाराचा दाखला काढतो: तिबेरियसच्या काळात पंतय पिलातानं ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. पौल करिंथकरांना (पहिलं पत्र, अध्याय १५) सांगतो की हे मला मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. दाखले भक्कम आहेत, द्यावेतही. पण मुसलमान माणूस वधस्तंभ नाकारतो तो इतिहासाच्या आकसानं नव्हे, ईसावरच्या प्रेमापोटी. अल्लाह आपल्या लाडक्या पैगंबराला असं विटंबनेच्या हाती सोडेल? पेत्रही येशूला हेच म्हणाला होता, 'प्रभू, असं तुला होणारच नाही,' आणि त्याबद्दल बोलणी खाऊन बसला.

तेव्हा असं मांडून पाहा: देवानं त्याला वाचवलं यावर आपल्या दोघांचं एकमत आहे. तुम्ही म्हणता मरणाआधी, आम्ही म्हणतो मरणानंतर, तिसऱ्या दिवशी. वाद तेवढाच आहे. मी आजवर जे काही बोललो त्यात याइतकं लक्ष देऊन दुसरं काही ऐकलं गेलं नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला: 'कुणी कुणाचं ओझं उचलत नाही (६:१६४). आणि अल्लाह रहमान, दयाळू, आहे, तो नुसतं माफ का करू शकत नाही? तुमच्याच गोष्टीत उधळ्या मुलाच्या बापानं कुणाचा बळी घेतला?' उत्तम प्रश्न आहे. येशूच्या त्या गोष्टीत वाटा उडवून परतलेल्या मुलाला बाप धावत जाऊन जवळ घेतो. न्यायाधीश स्वतःच दंड भरतो ती इंग्रजी पुस्तकांतली गोष्ट इथे चालत नाही. राजा दंड माफही करू शकतो, असं तो म्हणणार. मी किराणा दुकानाची वही पुढे करतो. दुकानदारानं उधारी सोडली, वहीवर रेघ मारली, तर पैसे गेले कुठे? त्याच्या गल्ल्यातून गेले. माफी फुकट मिळते ती घेणाऱ्याला. देणारा ती भरतोच. उधळ्या मुलाच्या बापानंही भरली: मालमत्तेचा वाटा गेला, आणि अख्ख्या गावादेखत म्हातारा पळत सुटला.

'पण मग निरपराध तिऱ्हाइताला का?' तो विचारेल. आपल्या श्रद्धेत वधस्तंभावर तिऱ्हाईत नाहीच. ज्याची उधारी, तोच. आणि इथून गाडी पुन्हा मूळ प्रश्नावर येते: येशू कोण? म्हणून वधस्तंभावर आधी बोलू नका. मार्काची वही आधी.

बकरीदला इब्राहिमच्या मुलाच्या जागी आलेल्या 'मोठ्या कुर्बानी'चा (३७:१०७) धागा अनेक ख्रिस्ती पुस्तिका हौसेनं वापरतात. धागा सुंदर आहे. फक्त त्याच्या सणाचा अर्थ त्यालाच शिकवायला जाऊ नका. त्याच्यासाठी तो आज्ञापालनाचा सण आहे. तो काय मानतो ते विचारा, मग उत्पत्तीचा बाविसावा अध्याय (बायबलमधली हीच गोष्ट) तुम्ही कसा वाचता ते सांगा.

'आमच्या पैगंबरांबद्दल तुझं मत काय?'

हा प्रश्न येतोच, आणि बहुधा निघताना, चप्पल घालता घालता. टाळू नका, तोडूनही टाकू नका. ७८१ च्या सुमारास बगदादेत खलिफा महदीनं पूर्वेकडच्या मंडळीचा प्रमुख तिमथी याला हेच विचारलं. तिमथी म्हणाला, ते संदेष्ट्यांच्या वाटेनं चालले: लोकांना मूर्तींपासून दूर करून एका देवाकडे वळवलं. पण शुभवर्तमानात त्यांच्याबद्दल साक्ष सापडत नाही, हेही त्यानं खलिफासमोर सांगितलं. पुढे त्यानं मोत्याचा दृष्टांत दिला: अंधाऱ्या घरात मोती पडला आहे, प्रत्येकाला वाटतं तो आपल्याच मुठीत आला, उजेड झाल्यावर कळेल कुणाच्या हाती मोती आणि कुणाच्या हाती काच. खलिफाच्या दरबारात, जिवाची जोखीम असताना, माणूस इतकं खरं आणि इतकं अदबीनं बोलू शकतो, तर चहाच्या टपरीवर आपल्याला अवघड का जावं?

उत्तर येत नसेल तेव्हा

'ठाऊक नाही, विचारून सांगतो' असं म्हणा आणि खरंच विचारून सांगा. आमच्या गल्लीतल्या शिंपीचाचांनी एकदा मशीन थांबवून मला मार्क १३:३२ दाखवलं: त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही. 'खुदा को मालूम नहीं, ऐसा होता क्या, बेटा?' माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आठवडाभर पाळकांना, एका म्हाताऱ्या मास्तरांना विचारत हिंडलो. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय, त्यानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, हे सगळं समजून घेऊन पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर दुकानात गेलो. चाचांनी पूर्ण ऐकून घेतलं, पटलं नाही म्हणाले, आणि खणातून एक कागद काढला. त्यांनीही त्या आठवड्यात आपल्या मौलानांना चार गोष्टी विचारल्या होत्या. पहिली होती ५:४७.